फोन आणि संगणक एकाच वाय-फायवर, तरी फोल्डर उघडत नाही: कोणत्या क्रमाने काय करायचे

संगणकावर फोल्डर शेअर केले, फोनवर फाइल मॅनेजर उघडला, पत्ता टाकला, आणि ‘लॉगिन फेल्ड’. पासवर्ड पुन्हा टाकला, तेच. मग फोनवर दुसरे ॲप, मग तिसरे, आणि शेवटी एखाद्या व्हिडिओत पाहून संगणकाची पासवर्ड सुरक्षाच बंद. बहुतेकांची गाडी याच वळणावर घसरते. ॲपचा दोष इथे क्वचितच असतो. या कामातला मोठा भाग संगणकावर करायचा आहे आणि त्याला क्रम आहे. मधली एक पायरी सुटली की शेवटी फोनवर जो निरोप येतो तो भलतीकडेच बोट दाखवतो.

इथे विंडोज १० किंवा ११ चा संगणक आणि अँड्रॉइड फोन धरला आहे. आयफोनसाठी जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे. पद्धत विंडोजच्या स्वतःच्या फाइल शेअरिंगची, म्हणजे एसएमबीची. संगणकावर वेगळे काही टाकावे लागत नाही.

## आधी ठरवा: एवढा खटाटोप हवा आहे का

दोन-चार फोटो किंवा एखादी पीडीएफ पाठवायची असेल तर हा लेख बाजूला ठेवा. फोन आणि संगणक दोन्हीकडे ‘लोकलसेंड’ टाका. ते फुकट आहे आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालते. दोन्हीकडे उघडले की समोरचे यंत्र यादीत दिसते आणि फाइल जाते. अँड्रॉइड आणि विंडोज एवढेच असेल तर गूगलचे ‘क्विक शेअर’ही चालेल.

एकदाच शंभर जीबी काढून फोन रिकामा करायचा असेल तर यूएसबी केबल लावा.

शेअर केलेले फोल्डर लागते ते रोजच्या कामाला: दर आठवड्याला फोटो उतरवणे, संगणकावरचे सिनेमे फोनवर कॉपी न करता पाहणे, दुकानाची बिले स्कॅन करून थेट संगणकात टाकणे, घरातल्या तिघांच्या फोनवरून एकाच जागी सामान गोळा करणे. एकदा नीट बसवले की महिनोन्महिने बघावे लागत नाही. नीट बसवायला अर्धा तास धरा.

एक गैरसमज इथेच काढू. फाइल घरातल्या घरात, फोनवरून राउटरकडे आणि राउटरकडून संगणकाकडे जाते. इंटरनेटचा पॅक खर्च होत नाही आणि प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे की ३०० चा, याने या वेगात फरक पडत नाही. इंटरनेट बंद पडले असले तरी राउटर चालू असला की पुरे.

## टप्पा १: दोन्ही यंत्रे खरोखर एका नेटवर्कवर आहेत का

‘एकाच घरात वाय-फाय आहे’ म्हणजे ‘एकच नेटवर्क आहे’ असे नाही. हे डोळ्यांनी तपासा.

१. संगणकावर सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → वाय-फाय (केबल असेल तर इथरनेट) → प्रॉपर्टीज उघडा. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’समोरचा आकडा कागदावर लिहा. हाच संगणकाचा पत्ता; तो १९२.१६८.१.२५ असा काहीतरी असेल.

२. फोनवर सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडा, जोडलेल्या नेटवर्कच्या नावाशेजारचे चाक किंवा बाण दाबा आणि तिथला आयपी ॲड्रेस लिहा.

३. घरच्या राउटरवर साधारणपणे पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे हवेत, शेवटचा वेगळा. १९२.१६८.१.२५ आणि १९२.१६८.१.४० असेल तर पुढे जा. संगणक १९२.१६८.१.२५ आणि फोन १९२.१६८.०.१०३ असेल तर थांबा.

असे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे घरात दोन राउटर. फायबरवाल्याने बसवलेल्या डब्यातही वाय-फाय असते, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणून त्याला जोडतो. हा दुसरा राउटर आपले वेगळे नेटवर्क तयार करतो. मग बैठकीतला संगणक एका नेटवर्कवर आणि आतल्या खोलीतला फोन दुसऱ्यावर. तात्पुरता उपाय: दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायला जोडा. कायमचा: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाका. मग तो फक्त रेंज वाढवतो, वेगळे घर मांडत नाही.

आकडे जुळतात तरी पुढे अडते, अशा वेळी तीन गोष्टी बघा. फोन ‘गेस्ट’ नावाच्या वाय-फायला जोडलेला असेल तर राउटर त्याला घरातल्या इतर यंत्रांशी बोलू देत नाही. गेस्ट नेटवर्क असतेच त्यासाठी. राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल तर मुख्य वाय-फायवरही तेच होते. आणि फोनवर व्हीपीएन चालू असेल तर फोनची सगळी वाहतूक भलत्याच रस्त्याने बाहेर जाऊ शकते, म्हणून काम होईपर्यंत तो बंद ठेवा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ ही वाय-फायची दोन नावे मात्र एकाच राउटरची असतील तर सहसा एकाच नेटवर्कची असतात. त्यावरून घाबरायचे कारण नाही.

घरात राउटरच नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडा. टप्पा ५ सोडून पुढचे सगळे टप्पे तसेच लागू होतात, फक्त संगणकाचा पत्ता दरवेळी बदलू शकतो.

सावधान: हॉटस्पॉट वापरताना संगणकावर त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. नाहीतर फाइल जाईल फुकट, पण विंडोज त्याच वेळी अपडेट उतरवायला बसेल आणि मोबाइलचा दिवसाचा डेटा संपवेल.

## टप्पा २: हे घरचे नेटवर्क आहे, हे विंडोजला सांगा

नवे वाय-फाय जोडले की विंडोज ११ त्याला ‘पब्लिक’ धरते. म्हणजे रेल्वे स्टेशनचे वाय-फाय आणि तुमच्या घरचे वाय-फाय तिच्या लेखी सारखेच. पब्लिक नेटवर्कवर फायरवॉल शेअरिंगचे दार बंद ठेवते, आणि फोनला उत्तरच मिळत नाही.

१. टप्पा १ मध्ये उघडलेल्या त्याच प्रॉपर्टीजच्या पानावर वरच ‘नेटवर्क प्रोफाइल टाइप’ दिसेल. ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडा.

२. सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज → ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये हेच कंट्रोल पॅनेलच्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये मिळते.

३. ‘प्रायव्हेट नेटवर्क्स’खाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ दोन्ही चालू करा.

४. ‘पब्लिक नेटवर्क्स’खाली दोन्ही बंदच ठेवा.

५. ‘ऑल नेटवर्क्स’खाली ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू ठेवा.

पाचव्या मुद्द्यावर थोडे थांबू, कारण ‘हे बंद करा, लगेच चालेल’ असा सल्ला सगळीकडे फिरत असतो. जुन्या विंडोजवर तो कधीकधी चालायचाही. पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो, एज्युकेशन आणि एंटरप्राइझमध्ये प्रत्येक एसएमबी जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली आहे, आणि बिनपासवर्डाच्या पाहुण्याला अशी सही करता येत नाही. म्हणजे सुरक्षा काढून टाकायची आणि वर जोडणीही मिळायची नाही. शिवाय ज्या घरी चालते तिथे वाय-फायचा पासवर्ड मागून घेतलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते फोल्डर उघडे.

लॅपटॉप असेल तर कॉलेज, हॉटेल, ऑफिस इथले वाय-फाय प्रायव्हेट करू नका. ही सेटिंग प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळी लक्षात ठेवली जाते, त्यामुळे घरचे प्रायव्हेट आणि बाहेरचे पब्लिक असे सुखाने राहू शकते.

तपासा: संगणकावर वेगळा अँटिव्हायरस असेल आणि त्याची स्वतःची फायरवॉल असेल, तर तिथेही हे नेटवर्क ‘होम’ किंवा ‘ट्रस्टेड’ म्हणून नोंदवा. विंडोजमध्ये बदल केला म्हणजे तिथे आपोआप होतो असे नाही.

## टप्पा ३: फोनसाठी वेगळे खाते काढा

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात, आणि कारण साधे आहे. संगणक सुरू करताना तुम्ही जो चार किंवा सहा आकडी पिन टाकता, तो पासवर्ड नव्हे. पिन त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला तो चालत नाही. चेहरा किंवा बोटाचा ठसाही अर्थातच नाही.

संगणकात मायक्रोसॉफ्टचे खाते असेल तर आणखी गुंता. तिथे युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल आणि पासवर्ड म्हणून त्या ईमेल खात्याचा पासवर्ड लागतो. तो कित्येकांना आठवतच नाही. काहींनी तर खाते बिनपासवर्डाचे करून टाकलेले असते. सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मध्ये दिसणारे तुमच्या नावाचे तुटके फोल्डर हेही युजरनेम नव्हे. मायक्रोसॉफ्ट खात्यात ते सहसा ईमेलची पहिली पाच अक्षरे असते.

आणि ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. समोर बसूनच ते खाते वापरता येते.

या सगळ्यातून सुटायचा मार्ग एकच: फक्त फाइलींसाठी एक साधे स्थानिक खाते.

१. सेटिंग्ज → अकाउंट्स → अदर युजर्स (विंडोज १० मध्ये फॅमिली अँड अदर युजर्स) → ॲड अकाउंट.

२. ईमेल मागेल. त्याखालचे ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ दाबा.

३. पुढच्या पानावर ‘ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडा.

४. नाव छोटे, इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. ‘फोन’ चालेल, फक्त इंग्रजीत लिहा. पासवर्ड किमान १२ अक्षरांचा, इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांचाच. ॲट, कोलन, हॅश, तिरकी रेघ ही चिन्हे टाळा. काही ॲप नाव आणि पासवर्ड पत्त्यातच जोडून पाठवतात आणि ही चिन्हे आली की पत्त्याचा तुकडा पडतो.

५. तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातील. उत्तरे काहीही द्या, पण लिहून ठेवा.

६. हे खाते ‘स्टँडर्ड युजर’च राहू द्या. ॲडमिनिस्ट्रेटर करू नका.

हे खाते आता संगणक सुरू करताना पडद्यावर दिसेल. त्यात कधी शिरायची गरज नाही. फोन हरवला तर हे एकच खाते काढून टाकायचे. तुमच्या ईमेलचा पासवर्ड फोनमधल्या कुठल्याशा फाइल मॅनेजरमध्ये साठवलेला नसतो, हा मोठा फायदा.

## टप्पा ४: फोल्डर आणि त्याच्या दोन परवानग्या

डी ड्राइव्ह असेल तर त्यावर नवे फोल्डर करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स किंवा वनड्राइव्हच्या आतले फोल्डर निवडू नका. ती जागा तुमच्या खात्याच्या मालकीची असते, नव्या खात्याला तिथे शिरकाव नसतो, आणि वनड्राइव्ह असेल तर फोनवरून आलेला प्रत्येक व्हिडिओ तो इंटरनेटवर चढवायला लागतो. अख्खा ड्राइव्ह शेअर करण्याचा मोह तर टाळाच.

फोल्डरचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. आतल्या फाइलींची नावे मराठीत असली तरी काही बिघडत नाही.

१. फोल्डरवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → शेअरिंग → ॲडव्हान्स्ड शेअरिंग.

२. ‘शेअर धिस फोल्डर’वर टिक करा. खाली ‘शेअर नेम’ दिसेल. हेच नाव फोनला लागणार आहे, म्हणून लिहून घ्या.

३. ‘परमिशन्स’ दाबा. ‘एव्हरीवन’ला फक्त ‘रीड’ दिलेले असेल. ते काढा, ‘ॲड’ दाबून टप्पा ३ मधले खाते घाला आणि त्याला ‘चेंज’ आणि ‘रीड’ द्या.

४. ओके करून बाहेर या, पण प्रॉपर्टीजची खिडकी बंद करू नका. शेजारच्या ‘सिक्युरिटी’ टॅबवर जा → एडिट → ॲड → तेच खाते → ‘मॉडिफाय’वर टिक.

चौथी पायरी हमखास राहते. विंडोज दोन ठिकाणी परवानगी बघते: एक नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी, दुसरी खुद्द डिस्कवरच्या फोल्डरसाठी. दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा ठेवला तरी खोलीला कुलूप असेल तर आत जाता येत नाही, तसेच. फोल्डर दिसते, पण फाइल टाकायला गेले की ‘ॲक्सेस डिनाइड’. ही खूण बहुधा या चुकलेल्या पायरीची.

तपासा: संगणकावरच फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच इंग्रजीत ‘लोकलहोस्ट’ लिहून एंटर दाबा. शेअर केलेल्या फोल्डरचे नाव दिसले पाहिजे. दिसले नाही तर फोनकडे वळूच नका, पायरी २ परत करा. दिसले तर फोल्डर शेअर झाले एवढेच कळते. पासवर्डची परीक्षा अजून व्हायची आहे.

## टप्पा ५: संगणकाचा पत्ता कायम करा

आज जोडणी झाली, चार दिवसांनी लाइट गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि फोन म्हणतो सर्व्हर सापडत नाही. राउटर पत्ते वाटतो ते तात्पुरते. काल २५ होता तो आज ३१ झाला, आणि फोन २५ वर दार ठोठावत बसला.

पत्ता विंडोजमध्ये हाताने टाकण्यापेक्षा राउटरमध्ये राखून ठेवणे बरे. हाताने टाकलेला पत्ता राउटरने दुसऱ्या कुणाला दिला तर दोघांचीही जोडणी तुटते.

१. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता उघडा. तो संगणकाच्या नेटवर्क प्रॉपर्टीजमध्ये ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून मिळतो. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओफायबरच्या राउटरवर १९२.१६८.२९.१.

२. ‘डीएचसीपी’ किंवा ‘लॅन’ विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ शोधा.

३. यादीतून संगणक निवडा, त्याला सध्याचाच पत्ता द्या, सेव्ह करा.

लॅपटॉप कधी केबलवर आणि कधी वाय-फायवर वापरत असाल तर राउटरच्या लेखी ती दोन वेगळी यंत्रे आहेत. दोन्हींची वेगळी नोंद करा, किंवा एकीलाच चिकटून राहा.

सावधान: राउटरमध्ये शिरलाच आहात म्हणून ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये ४४५ हा आकडा टाकून बाहेरगावाहून फाइली उघडायचा प्रयोग करू नका. याच एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला होता. हे शेअरिंग घराच्या उंबऱ्याआतच ठेवायचे.

## टप्पा ६: फोनवरून जोडणी

आता कुठे फोन हातात घ्यायचा.

गूगलच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये ही सोय नाही. सॅमसंगच्या ‘माय फाइल्स’मध्ये ‘नेटवर्क स्टोरेज’ म्हणून आहे. इतरांनी ‘सीएक्स फाइल एक्सप्लोरर’ किंवा ‘मटेरियल फाइल्स’ टाकावे.

१. ॲपमध्ये नेटवर्क किंवा रिमोट असा भाग उघडा, नवी जोडणी घ्या, प्रकार ‘एसएमबी’.

२. होस्ट किंवा सर्व्हर: संगणकाचा पत्ता. हा पत्ता टाइप करताना फोनचा कीबोर्ड इंग्रजीवर न्या. मराठी कीबोर्डवरचे देवनागरी आकडे ॲपला कळत नाहीत. या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत म्हणून ते उचलून चिकटवूही नका.

३. युजरनेम आणि पासवर्ड टप्पा ३ मधले. ‘डोमेन’ किंवा ‘वर्कग्रुप’ रिकामे सोडा. तरी लॉगिन झाले नाही तर तिथे संगणकाचे नाव टाकून बघा.

४. ‘पाथ’ किंवा ‘शेअर’ मागितले तर टप्पा ४ मधले शेअर नेम. ‘डी ड्राइव्ह’ वगैरे पूर्ण मार्ग टाकू नका. फोनला तो कळत नाही. पोर्ट मागितले तर ४४५.

५. ‘ॲनॉनिमस’ किंवा ‘गेस्ट’ची टिक असेल तर काढा.

आयफोनवर वेगळे ॲप लागत नाही. ‘फाइल्स’ उघडा, ब्राउझच्या पानावर वरचे तीन ठिपके → ‘कनेक्ट टु सर्व्हर’. पत्त्याआधी इंग्रजीत एसएमबी, कोलन आणि दोन तिरक्या रेघा लावा. मग ‘रजिस्टर्ड युजर’ निवडून नाव-पासवर्ड टाका.

ॲपमधल्या ‘स्कॅन’ किंवा आपोआप शोधण्याच्या बटणावर विसंबू नका. ते चालले तर छान, पण ‘स्कॅनमध्ये संगणक दिसला नाही’ म्हणजे ‘जोडणी होणार नाही’ असे मुळीच नाही. शोधणे आणि जोडणे ही दोन वेगळी कामे आहेत.

एखादे जुने ॲप किंवा जुना टीव्ही ‘एसएमबी १ चालू करा’ असे सांगेल. ऐकू नका, ॲप बदला. विंडोजने ती आवृत्ती उगाच बंद केलेली नाही.

तपासा: आधी एक छोटा फोटो फोनवरून फोल्डरमध्ये टाका. मग संगणकावरून एक फाइल टाकून ती फोनवर उघडा. दोन्ही दिशा चालल्या तरच मोठे काम सुरू करा.

## टप्पा ७: मोठे काम, आणि फाइली गमावण्याच्या जागा

‘मूव्ह’ कधीच वापरू नका. आधी कॉपी, मग पडताळणी, मग फोनवरून डिलीट. जोडणी मधेच तुटली तर मूव्हमध्ये काय गेले आणि काय राहिले याचा हिशेब लागत नाही.

कॉपीआधी चार गोष्टी करा. फोन चार्जरला लावा. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. नाहीतर पडदा काळा झाला की काही मिनिटांत फोन ॲपला झोपवतो आणि कॉपी अर्धवट राहते. संगणकाचे ‘स्लीप’ बंद करा आणि लॅपटॉपचे झाकण उघडे ठेवा. आणि ज्या डिस्कवर टाकत आहात ती ‘फॅट३२’ नाही ना हे ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये बघा. जुन्या पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क अशा असतात आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाहीत. लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ तिथे ‘जागा नाही’ म्हणून अडतो, जागा शंभर जीबी असली तरी.

व्हॉट्सॲपचे फोटो शोधताना अनेकांना फोल्डर सापडत नाही. अँड्रॉइड ११ पासून ते आतल्या स्टोरेजच्या ‘अँड्रॉइड’ → ‘मीडिया’ → ‘कॉम.व्हॉट्सॲप’ → ‘व्हॉट्सॲप’ → ‘मीडिया’ इथे असते. कॉपी केल्यावर फाइलींवर आजची तारीख पडू शकते. कॅमेऱ्याच्या फोटोंत काढल्याची तारीख फोटोच्या आतच नोंदलेली असते, ती जात नाही. व्हॉट्सॲपच्या फोटोंत ती नोंद नसते, पण फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस असतो. म्हणून त्या फाइलींची नावे बदलू नका.

एखादीच फाइल ‘इनव्हॅलिड नेम’ म्हणून अडली तर तिचे नाव बघा. कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, अवतरणचिन्ह, उभी रेघ ही विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत. ‘सभा १०:३०.एमपी३’ असे रेकॉर्डिंग इथे फसते. कोलनऐवजी आडवी रेघ घाला.

पडताळणी करताना फोनवर त्या फोल्डरची फाइलसंख्या आणि एकूण बाइट बघा, संगणकावर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये तेच बघा. संख्या जुळली पण बाइट कमी आले तर एखादी फाइल अर्धवट आहे. दोन-तीन व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून चालवूनही पाहा.

सावधान: फोनवरून शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल डिलीट केली तर ती संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेली. घरातल्या लहान मुलांच्या फोनवर ही जोडणी द्यायची असेल तर टप्पा ३ सारखे आणखी एक खाते काढा. शेअरिंगच्या परमिशन्समध्ये त्याला फक्त ‘रीड’ द्या, ‘सिक्युरिटी’मध्येही त्याच्या नावापुढे ‘रीड’ असू द्या.

## वेग कमी का येतो

आधी एकक सांभाळा. राउटरवाले मेगाबिट सांगतात, कॉपीची पट्टी मेगाबाइट दाखवते. मधे आठाचा भागाकार.

संगणक राउटरला केबलने जोडणे हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय. दोन्ही यंत्रे वाय-फायवर असतील तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, आणि वेग निम्म्यावर येतो. केबल लावून सेकंदाला ११-१२ मेगाबाइटवर गाडी अडली तर राउटरचे किंवा संगणकाचे पोर्ट १०० मेगाबिटचे आहे, किंवा केबलमध्ये आठऐवजी चारच तारा आहेत. गिगाबिट पोर्ट आणि ‘कॅट ५ई’ केबल असेल तर ही अडचण उरत नाही. मग मर्यादा फोनच्या वाय-फायची.

फोन ५ गिगाहर्ट्‌झवर आणा आणि राउटरच्या खोलीत बसा. २.४ गिगाहर्ट्‌झवर, इमारतीत शेजाऱ्यांचे दहा राउटर असताना, सेकंदाला चार-पाच मेगाबाइट मिळाले तरी बरे म्हणायचे. हजारो छोटे फोटो एका मोठ्या व्हिडिओपेक्षा हळू जातात, कारण प्रत्येक फाइलमागे उघडणे, लिहिणे, बंद करणे हा व्यवहार होतो. तो बिघाड नाही.

## अडले तर निरोप वाचा

‘टाइम्ड आउट’, ‘होस्ट अनरीचेबल’: फोन संगणकापर्यंत पोचतच नाही. पासवर्डशी खेळू नका. पत्ता बदलला का, वाय-फाय तेच आहे का, प्रोफाइल परत पब्लिक झाले का, अँटिव्हायरसची फायरवॉल आडवी येते का, संगणक झोपलाय का, याच क्रमाने बघा.

‘लॉगिन फेल्ड’, ‘ऑथेंटिकेशन एरर’: पोचला, पण ओळख पटली नाही. पिन टाकला का, युजरनेमच्या शेवटी कीबोर्डने आपोआप मोकळी जागा घातली का, पहिले अक्षर पासवर्डात मोठे झाले का हे बघा. डोळ्याचे चिन्ह दाबून पासवर्ड वाचून घ्या.

‘बॅड नेटवर्क नेम’: शेअर नेम चुकले. फोल्डरचे नाव नंतर बदलले तरी शेअर नेम जुनेच राहते.

‘ॲक्सेस डिनाइड’: टप्पा ४, पायरी ३ आणि ४.

## उलट दिशा: संगणकावरून फोन उघडायचा असेल

संगणकावर बसून फोनमधले फोल्डर चाळायचे असेल तर सीएक्स फाइल एक्सप्लोररमध्ये ‘ॲक्सेस फ्रॉम नेटवर्क’ आहे; इतर अनेक फाइल मॅनेजरमध्ये ‘एफटीपी सर्व्हर’ (एफटीपी ही फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) नावाने तेच मिळते. ते सुरू केले की फोन एक पत्ता दाखवतो. तो क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये टाकू नका; दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकले. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत टाका, दाखवलेले युजरनेम आणि पासवर्ड द्या.

या वाटेने फाइल जागेवर उघडून बदलू नका. आधी संगणकावर कॉपी करा, मग उघडा. एफटीपीत पासवर्डही उघडाच जातो, म्हणून हे घरच्याच वाय-फायवर वापरा आणि काम झाले की ॲपमधले ‘स्टॉप’ दाबून मगच फोन खिशात ठेवा.